तळं राखेल त्याचा मासा: जलाशयातल्या मासेमारीचा हक्क कसा बसवायचा

भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाच्या पाट्या ओळीनं लागल्या की माझी नजर आधी टोकाच्या पाट्यांकडं जाते. मधल्या पाट्यांत कटला, रोहू, एखादी मरळ. त्यांच्याभोवती व्यापाऱ्यांची गर्दी. टोकाला तळहाताएवढी चिलापी, किलोत दहा-बारा बसतील अशी. एवढी बारीक का धरली, असं कुणालाही विचारा. मी सोडली असती तर संध्याकाळी दुसऱ्याच्या जाळ्यात गेली असती, हे उत्तर ठरलेलं.

याला हावरट म्हणणं सोपं आहे, पण त्याचा हिशेब चोख आहे. कॅनडाचे अर्थतज्ज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये हाच हिशेब कागदावर मांडला. ज्या पाण्यात कुणीही जाळं टाकू शकतो, तिथं खर्च निघून वर काही उरेनासं होईपर्यंत होड्या वाढत राहतात. मासा वाचवणाऱ्याला वाचवल्याचा फायदा मिळत नाही, म्हणून कुणी वाचवत नाही. त्यांच्याच देशात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा इतका संपला की १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं.

आपल्याकडं ‘तळं राखी तो पाणी चाखी’ ही म्हण टोमणा म्हणून वापरतात. मी ती सरळ अर्थानं घेतो. आज सोडलेला मासा उद्या आपल्यालाच मिळेल अशी खात्री ज्याला आहे, तोच तळं राखतो. ही खात्री कशी तयार करायची, एवढंच इथं सांगायचं आहे. पुणे जिल्ह्यातल्या मच्छीमार संस्थांच्या सचिवांना, ग्रामसभेत काम करणाऱ्यांना आणि वाघोली-मोशीकडं पाणी साचलेल्या जुन्या खाणीचा मालक असलेल्या एखाद्यालाही याचा उपयोग व्हावा.

हक्क म्हणजे नेमकं काय

उघड्या पाण्यातला मासा धरला जाईपर्यंत कुणाच्याच मालकीचा नसतो. म्हणून ‘मासे आमचे’ असं म्हणत भांडायला गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. तुमच्याकडं असतो तो मासेमारीचा हक्क, आणि तो चार पदरी आहे: पाण्यात उतरण्याचा, मासा धरण्याचा, इतरांना अडवण्याचा आणि हा हक्क पुढं कुणाला देण्याचा.

मी पाहिलेल्या बहुतेक संस्थांत पहिले दोन पदर मजबूत असतात, तिसरा नावापुरता असतो आणि चौथा गुपचूप वापरला जातो. म्हणजे ठेका संस्थेच्या नावावर आणि प्रत्यक्षात तलाव पोटठेकेदाराच्या हातात. सभासद आपल्याच तलावावर मजुरीनं जातो. अशा तलावाला हक्काची पद्धत लावून काही उपयोग नाही. आधी पोटठेका मोडायचा, मग हा लेख पुढं वाचायचा.

पायरी १: पाणी कुणाचं, मासेमारी कुणाची

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोठ्या धरणांचं पाणी जलसंपदा विभागाचं, पण त्यातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो. लहान तलाव कधी जिल्हा परिषदेकडं, कधी ग्रामपंचायतीकडं असतो. मुळशीचं धरण टाटा पॉवरचं. खाणीतलं पाणी जमीनमालकाच्या ताब्यातलं. उजनीचं उदाहरण तर डोकं फिरवणारं आहे: भिंत सोलापूरच्या माढा तालुक्यात, फुगवटा पुण्याच्या इंदापूर-दौंडात आणि अहिल्यानगरच्या कर्जतपर्यंत. एकच पाणी, तीन जिल्हे.

म्हणून पहिलं काम म्हणजे चालू ठेक्याचा आदेश आणि करारनामा, दोन्हींची प्रत हातात घेणं. संस्थेच्या कपाटात नसेल (बहुधा नसतेच) तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात मुदत कधी संपते, मत्स्यबीज किती आणि कोणत्या आकाराचं सोडायचं, जाळ्याच्या आसाची, म्हणजे भोकाच्या मापाची, मर्यादा काय आणि ठेका कोणत्या कारणानं रद्द होतो, या चार गोष्टींखाली लाल पेनानं रेघ मारा.

हद्दीच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच तोंडावर आपटलो. एका संस्थेच्या अंतर्गत नियमांचा मसुदा मी करून दिला होता. हद्द म्हणून लिहिलं ‘संपूर्ण जलाशय’. पावसाळ्यात बसून लिहिलं, तेव्हा तलाव तुडुंब होता. एप्रिलमध्ये पाणी अर्ध्याच्या खाली गेलं, उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेरीवाल्यांनी कलिंगडं लावली, पाण्याच्या कडेला मोटारी टाकल्या आणि त्यांचे पाइप आमच्या जाळ्यांत गुंतले. दोघांकडं कागद होता. त्यांच्या कागदावर जमीन, आमच्या कागदावर जलाशय, आणि जागा एकच. पुढच्या वर्षी मी वाक्य बदललं: ‘त्या दिवशी पाण्याची कड जिथं असेल तिथून आत’. शिवाय मोटारींसाठी दोन जागा खांब रोवून सोडल्या. तलावाची हद्द उन्हाळ्यात पायी फिरून ठरवायची, नकाशावर बोट ठेवून नाही.

आंबेगाव आणि जुन्नरच्या आदिवासी भागात आणखी एक वाट आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत पाण्यातल्या माशांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडं सोपवलं आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या आदिवासींनी त्याच पाण्यावर मासेमारीचा हक्क उभा केला. तिथं काम करणाऱ्या शाश्वत संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यातलं हे उदाहरण जाऊन बघण्यासारखं आहे.

पायरी २: तोंडी काही नाही

ओडिशातल्या चिल्का सरोवराचा एक जुना खटला आहे. काही जणांनी तिथल्या राजाला पैसे देऊन पुढच्या काही वर्षांसाठी मासे धरायचा हक्क तोंडी घेतला. मग संस्थानी जमीनदारी रद्द झाली, सरोवराचा तो भाग सरकारकडं आला आणि सरकारनं हा व्यवहार मानायला नकार दिला. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुसऱ्याच्या पाण्यातून मासे काढून नेण्याचा हक्क ही स्थावर मालमत्ता आहे, आणि ती लेखी, नोंदणी केलेल्या दस्तानंच मिळते. पैसे दिले होते, तरी हक्क मिळाला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यातही स्थावर मालमत्तेच्या व्याख्येत जमीन आणि इमारतींबरोबर मासेमारीचा हक्क नावानिशी लिहिलेला आहे.

सरकारी ठेक्यात आदेश आणि करारनामा आपोआप तयार होतो. फसगत होते ती खासगी पाण्यात. खाणीत पाणी साचलं, मालकानं ‘टाका की मासे, निम्मे निम्मे करू’ म्हटलं, तुम्ही बीज सोडलं. वर्षभरानं मासा दीड किलोचा झाल्यावर मालकाचा मेहुणा जाळं घेऊन हजर. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर तो दुय्यम निबंधकाकडं नोंदवा. मुद्रांकाचा खर्च जिवावर येतो, पण बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) एका गाडीपुढं तो काहीच नाही.

पायरी ३: आत कोण, बाहेर कोण

सहकारी संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. दहा जमवणं अवघड नाही. अवघड असतं ते शंभरांतले खरे पंचवीस ओळखणं. यादीत वडिलांचं नाव आहे आणि मुलगा चाकणला कंपनीत. कुणी फक्त निवडणुकीपुरता सभासद. आणि जो कातकरी रोज पाण्यात आहे, त्याचं नाव कुठंच नाही.

माझी पद्धत साधी आहे. सलग एक महिना मासा तोलायच्या काट्यावर वही ठेवा आणि मासा कोण आणतो त्याचं नाव लिहा. महिन्यानंतर सर्वसाधारण सभेत ही वही आणि सभासद यादी शेजारी शेजारी वाचा. सभा तापते, कुणीतरी उठून जातं. तरीही वाचा. ‘क्रियाशील सभासद’ म्हणजे वर्षाला किमान किती दिवस काट्यावर आलेला, हे त्याच सभेत ठरावानं ठरवून इतिवृत्तात घ्या. बायकांची नावं विसरू नका. मासा निवडणं आणि विकणं त्यांच्याकडं असतं आणि भावाची खरी माहितीही त्यांनाच असते.

पायरी ४: हक्क कशात मोजायचा

सगळा खेळ या पायरीत आहे, म्हणून इथं जरा वेळ घेऊ. हक्क तीन प्रकारे मोजता येतो: जागेत, जाळ्यात किंवा किलोत.

किलोत मोजण्याची पद्धत समुद्रावर मोठ्या प्रमाणात वापरली गेली. वर्षाला एकूण किती मासा काढायचा ते ठरवायचं आणि त्यातला वाटा प्रत्येकाच्या नावावर करायचा. अलास्कात हॅलिबट माशाचा हंगाम आकसत वर्षातून एकेका दिवसाच्या दोन-तीन शर्यतींवर आला होता. वादळ असो वा नसो, त्याच दिवशी होड्या निघायच्या. सगळा मासा एकदम यायचा आणि बर्फात जायचा. १९९५ मध्ये वाटे नावावर झाले आणि हंगाम सुमारे आठ महिने चालू लागला. वाटा कुठं पळून जात नाही म्हटल्यावर धावायचं कशाला? न्यूझीलंडनं १९८६ मध्ये वाटे ठराविक टनांत दिले आणि फसले. मासा कमी झाला की सरकारला ते टन पैसे मोजून परत घ्यावे लागत. १९९० पासून त्यांनी वाटा एकूण मासळीच्या प्रमाणात केला. आपण यातून घ्यायचं ते इतकंच की वाटा किलोत लिहू नका, ‘शंभरात चार’ असा लिहा. आइसलंडचा अनुभवही ध्यानात असू द्या. तिथं वाटे विकायची मोकळीक होती, आणि बघता बघता ते मोजक्या मोठ्या कंपन्यांकडं गोळा झाले. संस्थेत वाटा विकायला परवानगी द्यायची नाही; फार तर आजारपणात एका हंगामापुरता दुसऱ्या सभासदाला चालवायला द्यावा.

जागेत मोजण्याची पद्धत जपानच्या किनाऱ्यावर सहकारी संस्था चालवतात, चिलीत कालवं-शंखांसाठी चालते. जो प्राणी जागचा हलत नाही त्याला ती छान लागू पडते. कटला हलतो. तलावाचे पंचवीस तुकडे पाडून प्रत्येकाला एक दिला तर मासा शेजाऱ्याच्या तुकड्यात जाईल आणि भांडण तुमच्या दारात येईल. जागेची वाटणी फक्त पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाला आणि खाडीसारख्या चिंचोळ्या भागांत कायमची जाळी लावण्याला करा. पिंजऱ्यात मासा कोंडलेला असतो, मालकीचा प्रश्नच उरत नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे, तेव्हा पिंजऱ्याचा विचार करताना अर्ज कुणाच्या नावानं करायचा तेही बघा.

राहिली जाळी. आपल्या तलावांना हीच सोयीची, कारण जाळं दिसतं, मोजता येतं आणि लपवायला अवघड. प्रत्येक क्रियाशील सभासदाला ठराविक जाळी. प्रत्येक जाळ्याच्या तरंडावर (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवर) संस्थेनं रंगवलेला क्रमांक. क्रमांक नसलेलं जाळं बेवारस. आस मोजायला मी खिशात आगपेटी ठेवतो. फूटपट्टी पाण्यात पडते, आगपेटी कुठंही मिळते. ओल्या जाळ्याचा आस ताणून धरायचा आणि पेटीची लांब बाजू त्यात आडवी बसते का बघायचं. आधी घरी पेटी मोजून करारातल्या आकड्याशी ताडून घ्या म्हणजे झालं.

माशाच्या स्वभावाप्रमाणं नियम वेगळा लागतो, हे मात्र फार कमी ठिकाणी पाळलं जातं. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणजे तलावातला बहुतेक कटला तुम्ही विकत आणून सोडलेला असतो. ती संस्थेची ठेव आहे, आणि ठेवीसारखाच तिचा हिशेब ठेवायचा. चिलापी मात्र साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा पिल्लं देते, आणि मादी ती तोंडात सांभाळते. तिच्यात कुणाची गुंतवणूक नसते. म्हणून मी कटल्याला वजनाची किमान मर्यादा आणि चिलापीला मोकळीक असा भेद करतो. अडचण एकच: चिलापीसाठी टाकलेल्या बारीक आसाच्या वडापात (ओढून काढायच्या जाळ्यात) कटल्याची बोटुकलीही येते. त्यामुळं मोकळीक माशाला द्यायची, वडापाला नाही. आणि ओढ्यांच्या मुखाशी जून-ऑगस्टमध्ये जाळं नको, कारण अंडी घालायला निघालेला मासा तिथूनच वर चढतो.

पायरी ५: थांबण्याचा हिशेब सभेत मांडा

नियम पटले तरच टिकतात, आणि आपला माणूस आकडा बघून पटतो. फळ्यावर एवढंच लिहा. समजा आज जाळ्यात १५० ग्रॅमचे ३०० कटले आले. वजन ४५ किलो. तेच सोडले आणि त्यातले निम्मे मेले, पळाले, पक्ष्यांनी खाल्ले असं धरलं, तरी उरलेले १५० मासे किलोकिलोचे झाल्यावर १५० किलो. तिप्पटीहून जास्त वजन. शिवाय गणेश पेठेच्या बाजारात बारक्या कटल्याला आणि मोठ्याला एक भाव कधीच मिळत नाही, तो फरक वेगळा. आकडे तुमच्या तलावाचे घाला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारेलच: ‘पण ते १५० मलाच मिळतील कशावरून?’ तिथं जाळ्यांचा क्रमांक आणि ‘शंभरात चार’ समजावून सांगायची वेळ येते.

बीज सोडताना बोटुकलीच घ्या, ८० ते १०० मिलिमीटरची. मत्स्यजिरे, म्हणजे नुकती जन्मलेली बारीक पिल्लं, स्वस्त पडतात म्हणून सोडले तर चिलापी आणि मरळ यांची मेजवानी होते. गाडी आली की पिशव्या आधी तलावाच्या पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळू द्या, आणि दोन पिशव्या सगळ्यांसमोर मोजा. बिलावर एक आकडा आणि पिशवीत दुसरा, हे या धंद्यातलं सर्वांत जुनं दुखणं आहे. कुणी थाई मांगूर सुचवला तर तिथंच थांबवा; त्याच्यावर बंदी आहे आणि तो बाकी सगळं खाऊन टाकतो.

पायरी ६: राखण आणि दंड

सामूहिक साधनसंपत्तीवरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: दंड लहानापासून सुरू होतो आणि चुकीगणिक चढतो. मी हे वाचण्याआधी उलटं करून बसलो होतो. पहिल्याच गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड लिहिला. पहिला सापडला तो अध्यक्षांचा चुलतभाऊ. एवढा दंड कोण लावणार? कुणीच लावला नाही, आणि त्या दिवसापासून बाकीचे नियमही गेले. आता आमच्याकडं पहिल्या वेळी जाळं आठ दिवस कार्यालयाच्या खुंटीला टांगतात. सगळे येता-जाता बघतात. दुसऱ्या वेळी महिनाभर, तिसऱ्या वेळी हंगामातला अर्धा वाटा.

हे झालं सभासदांचं. बाहेरच्या माणसाच्या जाळ्याला हात लावू नका. फोटो, वेळ, जागा आणि दोन साक्षीदारांसह मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, तिथं एक रात्रही थांबायचं नाही.

राखणदार पगारी असावा की पाळीनं? पाळी स्वस्त पडते, पण लग्नसराईत मोडते. मी दोन्हींची सांगड घालतो: एक पगारी आणि रोज एक पाळीवाला सभासद. दोघं एकमेकांवरही नजर ठेवतात.

पायरी ७: उचल फेडा

इथं अनेक चांगल्या संस्था बुडाल्या. सभासदानं जाळ्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते आणि मासा त्यालाच, त्याच्याच भावानं द्यायचा असतो. व्यापाऱ्याला रोज माल हवा असतो, म्हणून बारीक मासाही चालतो. कागदावर हक्क मच्छीमाराचा, पण कधी धरायचं हे ठरवतो दुसराच. मच्छीमारांनाही आता किसान क्रेडिट कार्ड मिळतं. सुरुवातीला सगळ्यांत मोठी उचल असलेल्या चार-पाच सभासदांची कागदपत्रं संस्थेनं स्वतः बँकेत नेऊन बसवावीत. मग सगळा मासा एकाच काट्यावर आणि लिलाव उघडा.

पायरी ८: शेवटचं वर्ष आणि उन्हाळा

ठेक्याचं शेवटचं वर्ष आलं की तळ खरवडला जातो. पुढच्या वर्षी तलाव आपल्याकडं राहील याची खात्री नसते, मग ठेव कुणासाठी ठेवायची? यावर उपाय आधीपासून करावा लागतो. बीज सोडल्याच्या पावत्या, पंचनामे, फोटो, काट्याची वही असं सगळं वर्षवार फाईलमध्ये लावा आणि मुदत संपायच्या किमान वर्षभर आधी नूतनीकरणाचा अर्ज त्या फाईलसकट द्या. सभेत ठराव करा की शेवटच्या दोन वर्षांतही बीज सोडायचं. विरोध होईल. मतदान घ्या आणि कोण विरोधात होतं ते इतिवृत्तात येऊ द्या.

पाण्याच्या पातळीवर मात्र तुमचा काडीचा हक्क नाही, हे आधीच पचवा. शेतीचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की पाणी उतरतं. उजनीत ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा (एरवी वापरात न धरलेलं तळचं पाणी) असूनही उन्हाळ्यात धरण उणे पातळीत जातं, म्हणजे तो साठाही उतरू लागतो. पाणी आकसलं की मासा एकवटतो आणि दोन आठवड्यांत तलाव रिकामा होऊ शकतो. म्हणून पातळीला जोडलेला नियम ठेवा: भिंतीवरच्या पट्टीवर पाणी अमुक खुणेखाली गेलं की जाळी निम्मी, त्याखालच्या खुणेला बंद, आणि सर्वांत खोल डोहात मासेमारी कधीच नाही. खुणा तांबड्या रंगानं भिंतीवर रंगवायला शाखा अभियंत्याची लेखी परवानगी लागते. तो अर्ज आवर्तनाच्या गडबडीत न करता दिवाळीनंतर लगेच द्या.